वाचकांचे प्रश्न: पित्तरस, जिवाणू आणि सकाळची धावपळ

प्रश्न: आईचं (वय ५८) पित्ताशय खड्यांमुळे चार महिन्यांपूर्वी काढलं. तेव्हापासून सकाळचा चहा पोटात गेला की शौचाला धाव. दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतं. शेजारी म्हणतात, पित्त वाढलंय, बांगडा बंद करा आणि कोकम द्या. (वाचक, मालवण)

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा जठरातलं आम्ल वर आलेलं असतं. अंगावर उठतं ते पित्त म्हणजे गांधी. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पित्तरस हे तिसरंच प्रकरण, आणि आईचा त्रास याच्याशी जोडलेला असावा. कोकमाचं सार जेवणात जरूर घ्या, पण या जुलाबांवर ते औषध नव्हे.

पित्ताशय ही साठवणीची टाकी. ती काढली की पित्तरस जेवणाची वाट न बघता रात्रंदिवस लहान आतड्यात उतरत राहतो. त्यातली पित्ताम्लं (चरबी फोडणारी आम्लं) लहान आतड्याचं शेवटचं टोक परत शोषून घेतं. पण त्याला झेपत नाही एवढा माल आला, तर उरलेला मोठ्या आतड्यात जातो. तिथे पित्ताम्लं अस्तराला पाणी सोडायला लावतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. म्हणून पातळ, आणि म्हणून घाईचं. बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप निवळतं.

बांगड्यावर राग काढण्याआधी वाटणाकडे बघा. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे साधारण ३३ ग्रॅम चरबी असते. कालवणाला दीडशे ग्रॅम खोबरं वाटलं, तर चौघांत माणशी १२ ग्रॅम चरबी झाली. वर सोलकढी आणि तव्यावर तळलेली तुकडी आली की आकडा सहज दुप्पट होतो. महिनाभर वाटण निम्मं करा, मासा तळण्याऐवजी कालवणात किंवा तिखल्यात घ्या आणि एकदम भरपेट जेवण्याऐवजी थोडं थोडं चार वेळा जेवायला द्या. रात्रीच्या जेवणानंतर लहान चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यातून द्या. ते पित्ताम्लं काही प्रमाणात धरून ठेवतं आणि शौचाला बांधही आणतं. इतर गोळ्या मात्र त्याच्यापासून दोन तास दूर ठेवा.

एवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टर कोलेस्टायरामिनची भुकटी देतात. चार ग्रॅमची पुडी असते. सुरुवात बहुधा एका पुडीने किंवा त्याहून कमी मात्रेने होते. लोक इथे दोन चुका करतात. पहिली, भुकटी कोरडी तोंडात टाकणं. ती घशात चिकटते, म्हणून अर्धा पेला पाण्यात ढवळून, मिनिटभर फुलू देऊन मगच प्यायची. दुसरी चूक जास्त महागात पडते: ही भुकटी पित्ताम्लांबरोबर बाकीची औषधंही पकडते. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं औषध वगैरे भुकटीच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यावं लागतं. नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट बिघडतो आणि बिचाऱ्या गोळीचा डोस वाढत जातो.

आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, हेही बघा. पातळ शौचाचं ते अगदी नेहमीचं कारण आहे आणि खापर मात्र ऑपरेशनवर फुटतं. शौचातून रक्त, ताप, वजन उतरणं किंवा कावीळ असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. शौच मातीसारखं पांढरट आणि लघवी चहासारखी गडद होत असेल, तर पित्तनलिका अडल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: आतड्यातले जिवाणू पित्तरसावर प्रक्रिया करतात असं वाचलं. म्हणजे नेमकं काय? (शिक्षक, रत्नागिरी)

यकृत कोलेस्टेरॉलपासून मुख्यतः दोन पित्ताम्लं बनवतं, कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक. सोडण्याआधी त्यांना ग्लायसीन किंवा टॉरीन हा छोटा रेणू जोडतं. ही शेपटी लागली की ती पाण्यात नीट विरघळतात आणि साबणासारखी चरबी फोडतात. टॉरीन मासे आणि शिंपल्यांत भरपूर असतं, शाकाहारात जवळजवळ नसतं. त्यामुळे तिसऱ्या-कालवं खाणाऱ्याच्या पित्तरसात टॉरीनवाल्या पित्ताम्लांचा वाटा शाकाहारी माणसापेक्षा जास्त भरतो.

शरीरात पित्ताम्लांचा एकूण साठा दोन ते चार ग्रॅम, पण तो दिवसातून कितीतरी फेऱ्या मारतो. दर फेरीत ९५ टक्के माल परत यकृताकडे जातो. दिवसाकाठी अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जातो, आणि तेवढाच यकृत नव्याने बनवतं.

जिवाणूंचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यात ते शेपटी कापतात. हे काम लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स असे अनेक जण करतात. दुसरा टप्पा अवघड: शेपटी गेलेल्या रेणूच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून टाकायचा. हे क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारख्या मोजक्याच जिवाणूंना जमतं. त्यातून कोलिकचं डिऑक्सिकोलिक होतं आणि किनोडिऑक्सिकोलिकचं लिथोकोलिक.

नुसता रंगबदल नव्हे हा. पित्ताम्लं शरीरात निरोप्याचंही काम करतात. लहान आतड्याच्या टोकाशी एफएक्सआर नावाचा ग्राही (पेशीतला निरोप झेलणारा रेणू) पित्ताम्लं ओळखतो, त्यातून एफजीएफ-१९ हे संप्रेरक सुटतं आणि यकृताला सांगतं: बस, आता नवीन बनवू नका. किनोडिऑक्सिकोलिक हा ग्राही जोरात चालू करतं. लिथोकोलिक आणि डिऑक्सिकोलिक टीजीआर-५ या दुसऱ्याच ग्राहीवर जास्त जोर लावतात. तेव्हा जिवाणूंनी मिश्रण बदललं की निरोपही बदलतो.

प्रश्न: दाताच्या दुखण्यावर अँटिबायोटिक घेतलं आणि नंतर जुलाब लागले. घरचं दही वाटीभर रोज खाल्लं तर जिवाणू परत येतील ना? (वाचक, देवगड)

दही खा, पण त्याच्यावर एवढा भार टाकू नका. दह्यातले लॅक्टोबॅसिलस वर सांगितलेला पहिला टप्पा करू शकतात, दुसरा नाही. अँटिबायोटिकने मरतात त्यांत दुसऱ्या टप्प्यावालेही असतात, आणि तिथेच धोका आहे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूचे बीजाणू (कवचात झोपलेलं त्याचं रूप) शेपटीवाल्या टॉरोकोलिकने, म्हणजे टॉरीन जोडलेल्या कोलिकने, जागे होतात. डिऑक्सिकोलिक त्याची वाढ रोखतं. दुसरा टप्पा बंद पडला की जागं करणारं उरतं आणि रोखणारं जातं.

साधे जुलाब अँटिबायोटिक थांबल्यावर थोड्या दिवसांत थांबतात. पण २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं, सोबत ताप किंवा पोटात कळा असतील तर डॉक्टरांना ‘अमुक अँटिबायोटिक अमुक तारखेपर्यंत घेतलं’ असं सांगून शौचाची तपासणी करून घ्या. गेल्या दोन-तीन महिन्यांतलं औषधही सांगा. जुलाब बंद करणारी गोळी मनाने घेऊ नका. आणि घरात सॅनिटायझरवर विसंबू नका: बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाण्याने हात चोळून धुतल्यावर वाहून जातात.

प्रश्न: क्षयामुळे लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढला आहे. आता मूतखडाही निघाला. दोन्हींचा संबंध असतो का? अळू चालेल का? (वाचक, गुहागर)

असतो. किती आतडं काढलं ते ऑपरेशनच्या कागदावर बघा. १०० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर सहसा पित्ताम्लांचे पाणीदार जुलाब होतात आणि कोलेस्टायरामिन उपयोगी पडतं. त्याहून जास्त गेलं असेल, तर यकृताला पित्ताम्लांची तूट भरून काढता येत नाही, चरबी पचत नाही, शौच तेलकट आणि तरंगणारं होतं. अशा वेळी तीच भुकटी उरलीसुरली पित्ताम्लंही पळवते आणि त्रास वाढतो.

न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम बांधून टाकते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. ते मिळालं नाही की मोकळं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातं. म्हणून अळू, पालक, राजगिरा नेहमीचे नकोत. अळूचं फदफदं कधीतरी केलंच, तर पानं भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या. जेवणात ताक ठेवा, म्हणजे कॅल्शियम त्याच वेळी पोटात जाईल. चरबी कमी करा, पाणी वाढवा. बी-१२ही याच टोकाला शोषलं जातं, तेव्हा त्याची तपासणी राहिली असेल तर करून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शन किती दिवसांनी घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडायचं नसतं.