वार एक असली तरी वह्या दोन ठेवा

ताई, तुमची बहीण २९ आठवड्यांना बाळंत झाली, दोन्ही मुलगे एकाच वारेवरचे (प्लॅसेंटा एकच). अंगाने मोठ्या असलेल्याला पीडीए, म्हणजे हृदयालगतची एक नळी उघडी राहिलेली, निघालाय, लहानग्याच्या मेंदूत ग्रेड २ रक्तस्राव. एकाच वारेतली बाळं, मग दुखणी वेगळी कशी आणि मोठ्या हॉस्पिटलात हलवावं का, हे तुमचे दोन प्रश्न. मी डॉक्टर नाही. पुण्यात धायरीत राहणारा, जुळ्या मुलींचा बाप आहे. आमच्या ३० आठवड्यांच्या, १२१० आणि ८९० ग्रॅमच्या. ५२ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. रोज सकाळी बायकोने काढलेलं दूध बर्फाच्या डब्यात घालून, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवून राजाराम पुलाच्या गर्दीतून नेलंय. आता दोघी दुसरीत आहेत.

वार एक असली की तिच्यावरच्या रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना आतून जोडतात. देवघेव बरोबरीची असेल तर निभावतं. अशा जुळ्यांपैकी शंभरात १० ते १५ ठिकाणी ती एकतर्फी होते : एक बाळ देत राहतं, दुसरं घेत राहतं. घेणाऱ्याच्या हृदयाला जादा रक्त ओढावं लागतं, मग स्नायू जाड होतो, झडप गळते, फुप्फुसाकडे जाणारी वाटही कधी अरुंद होते. पीडीए राहतो तो मात्र मुदतीआधी जन्मल्यामुळे. पोटात असताना फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते, यांच्यात उघडी राहते. मग रक्त परत फुप्फुसात शिरतं आणि आतडी, मूत्रपिंडं, मेंदू यांच्या वाट्याला कमी येतं. बऱ्याच बाळांची नळी आपोआप मिटते, काहींना औषध देतात. ते औषध कधी कधी पॅरासिटामॉल असतं. आमचे काका ते ऐकून हसले होते, "तापाची गोळी हृदयाला?" मात्रा वेगळी असते आणि काम होतं, आमच्याकडे झालं. तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होईल तेव्हा नेमकं विचारा : फक्त पीडीए आहे, की स्नायूची जाडी आणि झडपेची गळतीही आहे? दोन्ही असतील तर पुढचं बघणं वेगळं.

मेंदूचं थोडं सविस्तर लिहितो, कारण 'रक्तस्राव' ऐकून घरात रडारड होते. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांलगत नाजूक रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं, ते साधारण ३४ आठवड्यांपर्यंत विरत जातं. तुमची बाळं त्याआधी आली. रक्तदाब जरा वरखाली झाला तरी ते फुटतं, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत. ग्रेड २ म्हणजे रक्त पोकळीत उतरलंय, पण पोकळी फुगलेली नाही. बहुतेक वेळा ते हळूहळू शोषलं जातं. लक्ष ठेवायचं ते पोकळी नंतर फुगते का यावर. म्हणून डोक्याचा घेर. आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढ ठीक. दोनच्या आसपास उडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता आमची चूक. मोठीचं हृदय आणि धाकटीचा मेंदू अशी आम्ही मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती. पण एका बाळाचा रक्तदाब अचानक कोसळला तर त्याच जोडवाहिन्यांमधून दुसऱ्याच्या मेंदूलाही धक्का बसू शकतो, तोही जन्माआधीच. आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा पहिल्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागते. तेव्हा टाळूवरून होणारी सोनोग्राफी दोघांचीही मागा : पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि ४० आठवडे भरतील तेव्हा. इको लहानग्याचाही. हिमोग्लोबिन दोघांचं शेजारी शेजारी लिहा. आमची एक पांढरीफटक, एक लालबुंद. "एक आईवर, एक बापावर" म्हणून नातेवाईक खूश. एकीला रक्त द्यावं लागलं.

आणि वह्या दोन करा. आमच्या लाल आणि निळी होत्या. महिन्याच्या सोनोग्राफीचा एक रिपोर्ट मोठीच्या फायलीत लागला होता, 'रक्तस्रावाची जुनी खूण' असा. निळ्या वहीत तिसऱ्या दिवशीची नोंद होती : मोठी, स्वच्छ. सिस्टरांना दाखवली, त्यांनी पाळण्यावरची चिठ्ठी आणि पायातला पट्टा ताडून पाहिला, ट्विन १ आणि ट्विन २ची अदलाबदल निघाली. ओरडा कोणी केला नाही, रात्रपाळीला तिघी सिस्टर आणि अठरा बाळं होती.

हलवायचं म्हणाल तर माझं मत 'हलवू नका' असं. पहिल्या दिवसांत अँब्युलन्सचे धक्के, बदलतं तापमान आणि सैल झालेली श्वासाची नळी हेच धोके जास्त. इको पोर्टेबल मशिननेही होतो, बालहृदयतज्ज्ञ बहुधा पाळण्यापाशी येतात. इथे जे होणारच नाही असं काही हवं असेल, म्हणजे पीडीए बंद करायची शस्त्रक्रिया वगैरे, तरच. आणि तेही डॉक्टरांशी डॉक्टर बोलल्यावर. गरोदरपणातल्या सगळ्या सोनोग्राफ्या बाळांच्या डॉक्टरांकडे पोचल्यात का ते आजच बघा, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फायलीतच राहतात बऱ्याचदा. खर्चासाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) सरकारच्या महात्मा फुले योजनेचं विचारून ठेवा.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी उशिरात उशिरा चौथ्या आठवड्यात, ती चुकवू नका. घरी आल्यावर वय मोजताना ११ आठवडे वजा करा. नाहीतर सोसायटीतलं कोणीतरी "अजून मान धरत नाही?" म्हणेल आणि तुमची बहीण रात्रभर जागी राहील.

घेर मोजायला शिंप्याची टेप आणू नका. वापरून वापरून ती ताणते आणि घेर आहे त्यापेक्षा कमी दाखवते. वॉर्डात कागदी पट्टी मिळते, दोन मागून घ्या.