परसातला मोठा भोपळा : एका वेलावर एकच फळ

प्रश्न : वाई तालुक्यातून एक शेतकरी विचारतात, "घरामागे दोन गुंठे परस आहे. परदेशी मोठ्या भोपळ्याचं बी मागवून मार्चमध्ये लावलं. वेल पार छपरावर गेला, फुलंही भरपूर आली. पण फळं लिंबाएवढी झाली की पिवळी पडून गळतात. चार धरली, त्यातलं मोठ्यात मोठं तीन किलोवर थांबलं. आई म्हणते, येणारे-जाणारे बोट दाखवतात म्हणून असं होतं. आमचं नक्की काय चुकलं?"

उत्तर : कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हे आमच्याही घरी सांगत. मात्र पुढच्या वेळी गळालेलं फळ चिरून बघा. आत अळ्या आणि सालीवर टोचल्याची खूण, त्यावर डिंकाचा थेंब असेल तर ती फळमाशी. आत स्वच्छ असेल, तर बहुधा मादी फुलाला पराग मिळालेला नाही. मार्चच्या लावणीत दुसरं कारण जास्त दिसतं. फुलं यायला एप्रिल-मे उजाडतो, पारा पस्तिशीच्या वर जातो, पराग निकामी होतात. शिवाय उन्हात आणि नत्र जास्त झालं तर वेलावर नर फुलांचीच गर्दी होते. तुमची "भरपूर फुलं" बहुतेक तीच.

तुम्ही मागवलेल्या जातीचा मूळ वाण कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वाढवलेला. इंग्लंडमधल्या पेटन या जुळ्या भावांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये १२७८.८ किलोचं फळ काट्यावर ठेवलं, तेही याच कुळातलं. तिकडचा उन्हाळा म्हणजे लांब दिवस आणि गार रात्री. आपल्याकडे ते जमणार नाही, आणि तो आकडा डोळ्यांपुढे ठेवून खर्चही करू नका. परसात चाळीस किलोचं फळ आलं तर मी स्वतः बघायला येईन.

लावणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. पाऊस सरलेला असतो, जमीन वाफशावर असते आणि फळ पोसण्याचा काळ थंडीत येतो. दोन गुंठ्यांत चार वेलांपेक्षा जास्त नकोत, एका वेलाला निदान चारशे चौरस फूट जागा लागते. तीन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल आळं करून त्यात चार-पाच घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, दोनशे ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ट्रायकोडर्मा (मर-कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. उकिरड्यावर आपोआप उगवलेला भोपळा सगळ्यांत दांडगा होतो, हे कुठल्याही गावात दिसतं. आळं म्हणजे तोच उकिरडा, फक्त कुजलेला आणि आपण मोजून भरलेला. ताजं शेण मात्र घालू नका, हुमणी येते.

या वेलाला छपरावर चढवू नका. जमिनीवर पसरू द्या आणि प्रत्येक पेरावर मूठ-दोन मूठ माती-खत टाकून तो दाबत चला. त्या पेरांना मुळं फुटतात आणि प्रत्येक मूळ फळाला पाणी पोचवतं. मुख्य वेल आणि त्याच्या बगलेतून निघालेल्या फांद्या ठेवा, त्या फांद्यांना पुन्हा फुटलेले धुमारे खुडा. पानं मात्र तोडू नका. फळ पोसायचं काम त्यांचं आहे.

परागीभवन हातानं करा. मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा दिसतो, नराच्या मागे नुसता दांडा. उद्या उमलणाऱ्या मादी कळीला आदल्या संध्याकाळी कापडाची पिशवी बांधा. सकाळी सात-आठच्या सुमारास ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा, दोन-तीन नर फुलं वापरा. मग पिशवी पुन्हा बांधा. बुंध्यापासून आठ-दहा फुटांवरचं फळ धरावं. जवळ धरलं तर वेल वाढायच्या आधीच फळाचं ओझं पडतं.

आता तुमची खरी चूक. तुम्ही चार फळं धरलीत. दोन-तीन फळं नारळाएवढी झाली की सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीची तोडा. हे कोणाच्याच हातून होत नाही. शेजारीण म्हणते, राहू द्या की, भाजीला होतील. मग चारही भाजीपुरतीच होतात. तोडलेल्या कोवळ्या फळांची भाजी त्याच दिवशी करा, म्हणजे घरातली कुरकुर थांबेल.

फळाखाली तीन इंच वाळू पसरा. देठ वेलाशी काटकोनात येईल असं फळ रोज थोडं थोडं वळवा, तेही दुपारी. सकाळी वेल पाण्यानं ताठ असतो आणि कटकन मोडतो. वर जुन्या धोतराची सावली करा, कारण उन्हानं साल कडक झाली की फुगणारं फळ तडकतं. पाणी रोज सारखं द्या. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर, असं केलंत तर फळ हमखास फुटेल. फळ धरल्यावर नत्र कमी करून आठवड्याला एकदा ०:०:५० हे पाण्यात विरघळणारं पालाशचं खत लिटरला पाच ग्रॅम प्रमाणे आळ्यात ओता. फळमाशीसाठी क्यू ल्युरचे, म्हणजे नर माश्यांना वासानं ओढून अडकवणारे, दोन कामगंध सापळे पुरेत, आणि गळालेली फळं बांधावर न फेकता खोल पुरा.

प्रश्न : नागपूरहून एक ताई विचारतात, "कोहळ्याच्या पानांवर पांढरी भुकटी आली आहे. गंधक धुरळू का?"

उत्तर : ताई, ही भुरी आहे. वेलवर्गीय पिकांची पानं गंधकानं करपतात, उन्हात तर नक्कीच, म्हणून गंधक नको. बुडाची जास्त माखलेली दोन-चार पानं काढून जाळा, पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या आणि पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. रोग आवरला नाही तर पान घेऊन कृषी सहायकाकडे जा आणि शिफारस घेऊनच औषध आणा.

प्रश्न : "मोठ्या भोपळ्याचं खायला काय होतं? बी ठेवता येतं का?"

उत्तर : खाता येतो, पण गर पाणचट आणि रेषाळ. घारग्यांसाठी आपला देशी लाल भोपळाच लावा. कुठलाही भोपळा कडू लागला तर तोंडातला घास थुंका, बाकीचा टाकून द्या. त्या कडवटपणानं उलट्या-जुलाब होतात. बी ठेवायचं तर पिशवी बांधून हातानं परागीभवन केलेल्या फळाचंच ठेवा, नाहीतर मधमाशीनं कुठला पराग आणला ते कळत नाही. पिकलेल्या फळाचं बी धुऊन सावलीत वाळवा, राखेत घोळून डब्यात भरा आणि वर तारीख व फळाचं वजन लिहा.