फोर्क : फाटा, फूट की आणखी काही?

प्रश्न असा आहे : क्रिप्टो चलनांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘२०१७मध्ये बिटकॉइनचा हार्ड फोर्क झाला’ या वाक्यापाशी गाडी अडली. यंत्राने केलेल्या अनुवादात त्याचे ‘कठोर काटा’ झाले होते. विचारणाऱ्याला ‘फाटा’ बरा वाटतो, त्याच्या सहकाऱ्याला ‘फूट’. बरोबर काय? आणि पुढे येणाऱ्या ‘कन्सेन्सस’ला ‘एकमत’ म्हटले तर चालेल का?

‘काटा’ आधी बाजूला काढू. काट्याचा मराठी माणसाला पहिला आठवतो तो टोचण्याचा गुण, मग तराजूचा, घड्याळाचा. वाट जिथे दुभंगते त्या जागेला कुणी काटा म्हणत नाही. फांदी दुभंगते त्या जागेला बेचके म्हणतात, रस्ता दुभंगतो तिथे फाटा असतो. इंग्रजीतला फोर्क इथे आला तो याच अर्थाने, ताटातल्या काट्याचा इथे संबंध नाही.

राहिले फाटा आणि फूट. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ती एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत. इंग्रजीने फोर्क या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या आहेत : नियम बदलणे, नोंदींची साखळी दोन वाटांनी जाणे आणि माणसे वेगळी होणे. मराठीत तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. ते नीट वापरले तर मराठी वाक्य मूळ इंग्रजीपेक्षा स्पष्ट होते. म्हणून एकच प्रतिशब्द ठरवून तो सगळीकडे चिकटवायला माझा विरोध आहे.

बिटकॉइन ही एक वही समजा. साधारण दर १० मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते, त्या पानाला ब्लॉक म्हणतात. वहीची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर आहे आणि प्रत्येक संगणक नवे पान स्वतः तपासून घेतो. संगणक राबवून नवे पान शोधणाऱ्यांना मायनर म्हणतात, त्याबद्दल त्यांना बक्षीस मिळते. दोन मायनरांना जवळजवळ एकाच क्षणी नवे पान सापडले, तर काही संगणकांकडे एक पान पोचते, काहींकडे दुसरे. थोड्या वेळाने कुठल्या तरी बाजूला पुढचे पान जोडले जाते आणि सगळे त्या बाजूला येतात. यात कुणाचे कुणाशी भांडण नाही. याला फूट म्हणणे चुकीचेच आहे. हा फाटा आहे, तोही दहा पावलांवर मिटणारा.

मार्च २०१३मधला प्रसंग याहून मोठा होता. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरची ०.८ ही आवृत्ती नुकतीच आली होती आणि तिच्यात नोंदी साठवायची व्यवस्था बदलली होती. एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला, जुन्या ०.७ला तो पेलवला नाही. वहीच्या दोन प्रती वेगवेगळ्या वाटांनी वाढू लागल्या आणि ते कुणाच्याच मनात नव्हते. नवी बाजू लांब होत चालली होती, तरी विकसकांनी मायनरांना जुन्या आवृत्तीवर परत यायला सांगितले, कारण जुन्या आवृत्तीवरचे लोक नव्या साखळीवर येऊच शकत नव्हते. मायनर परतले. त्या काळी एका ब्लॉकमागे २५ बिटकॉइन मिळत. नव्या बाजूला काढलेल्या ब्लॉकांचे बक्षीस त्यांनी सोडून दिले आणि काही तासांत वही पुन्हा एक झाली. ‘फाटा फुटला आणि मिटला’ हे वाक्य इथे चपखल बसते. ‘फूट पडली’ म्हटले तर वाचक भांडण शोधत बसेल, आणि तिथे घडले होते त्याच्या नेमके उलट : पदरचे सोडून लोक एकत्र आले होते.

आता २०१७. मूळ वाद ब्लॉकच्या आकाराचा. बिटकॉइनचा टोपणनावाने वावरणारा जनक सातोशी नाकामोतो याने २०१०मध्ये ब्लॉकला १ मेगाबाइटची मर्यादा घातली, त्यामुळे सेकंदाला फार तर सातेक व्यवहार मावत. गर्दी वाढली तसे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, मर्यादा वाढवा, नाहीतर हे रोजच्या वापराचे नाणे राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ब्लॉक मोठे केले की वही बाळगणे आणि तपासणे साध्या संगणकाला जड जाईल, मग तपासणारे मूठभर उरतील आणि कुणावर विश्वास ठेवावा लागू नये हा मूळ हेतूच जाईल. वाढ करायची ती वहीला हात न लावता, तिच्यावर उभारलेल्या वेगळ्या व्यवस्थांत करा. २०१५मध्ये गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या विकसकांनी बिटकॉइन एक्सटी या पर्यायी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. त्यात मर्यादा ८ मेगाबाइटवर नेऊन दर दोन वर्षांनी दुप्पट करायची योजना होती. ती मान्य झाली नाही आणि जानेवारी २०१६मध्ये हर्न यांनी हा प्रयोग फसला असे जाहीर करून काढता पाय घेतला. वाद काही थांबला नाही. १ ऑगस्ट २०१७ रोजी, ४,७८,५५८व्या ब्लॉकनंतर, मोठे ब्लॉक हवे असलेल्यांचे बिटकॉइन कॅश वेगळे झाले. त्या ब्लॉकपर्यंतची वही दोघांची एकच. ज्याच्या नावावर त्या घटकेला ३ बिटकॉइन होते, त्याच्याकडे पुढच्या ब्लॉकपासून ३ बिटकॉइन आणि ३ बिटकॉइन कॅश झाले.

इथे फूट हा शब्द शोभतो. माणसे फुटली, फाटा त्यानंतर आला. आपल्याकडे या दोन्हींना कवेत घेणारा जुना शब्दही आहे, फाटाफूट, पण तो एका घटनेपेक्षा लांबलेल्या अवस्थेला शोभतो. २०१५ ते २०१७ या काळात जे चालले होते ते फाटाफूट. १ ऑगस्टला झाली ती फूट.

मात्र फूट लिहिताना क्रियापद जपून निवडावे लागते, आणि या चर्चेतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ‘फूट पडली’ आणि ‘फूट पाडली’ यांत एका कान्याचे अंतर आहे, पण दुसऱ्या वाक्यात आरोप आहे. मी स्वतः एका लेखात लिहिले होते की मोठ्या ब्लॉकवाल्यांनी बिटकॉइनमध्ये फूट पाडली. एका वाचकाने विचारले, ‘पाडली कुणी? मर्यादा तात्पुरती होती, ती उठवू दिली नाही त्यांनी पाडली असे का नाही?’ त्याचे बरोबर होते. सगळा वाद ज्या मुद्द्यावर होता, तो मी एका क्रियापदात निकाली काढून टाकला होता. मी ‘पडली’ केले. फाट्याचीही तीच गत. ‘फाटा फुटला’ ही नुसती घटना, ‘फाटे फोडले’ हा ठपका. फुटणे या धातूचे सौंदर्य असे की त्यात मडके फुटते आणि पालवीही फुटते. बिटकॉइन कॅशच्या समर्थकांना त्यात पालवी दिसत होती, विरोधकांना मडके. अकर्मक रूप दोघांनाही वापरता येते, म्हणून वृत्तान्त लिहिणाऱ्याने तेच धरावे.

फाट्याची एक अडचणही सांगायला हवी. फाटा म्हटले की मुख्य रस्ता गृहीत धरला जातो. रस्ता सरळ जातो, फाटा वळतो. पण इथे मुख्य रस्ता कोणता हाच तंटा होता. बिटकॉइन कॅशवाले सांगत, सातोशीच्या २००८च्या निबंधाच्या शीर्षकातच इलेक्ट्रॉनिक रोकड आहे, ती वाट आम्ही सोडली नाही. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्यात तर गोष्ट उलटीच झाली. जून २०१६मध्ये द डीएओ या निधीतून सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, काढून घेतले गेले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी नियमबदल झाला. काहींनी नकार दिला, लिहिले गेले ते पुसायचे नाही असे त्यांचे म्हणणे. वळण घेणाऱ्या साखळीकडे इथेरियम हे नाव राहिले आणि सरळ चालत राहिलेली इथेरियम क्लासिक झाली. आता यात फाटा कोणता? वाट कुणी सोडली हे बघाल तर एक उत्तर, नाव कुणाकडे गेले हे बघाल तर दुसरे.

अशा जागी मला घराण्यांच्या भाषेतला ‘पाती’ हा शब्द आठवतो. घराण्याच्या दोन शाखा होतात तेव्हा थोरली पाती आणि धाकटी पाती असे म्हणतात. थोरली-धाकटी हे विशेषण गाळले की पाती कुणालाच मूळ ठरवत नाही, दोन्ही एकाच पूर्वजाच्या. ‘इथेरियमच्या दोन पात्या झाल्या’ हे वाक्य मला दोन्ही पक्षांना न्याय देणारे वाटते. शब्द आज कमी ऐकू येतो, म्हणून सक्ती नाही. ‘दोन शाखा’ही चालेल.

आता हार्ड आणि सॉफ्ट. यांचे शब्दशः भाषांतर करूच नये, आणि कारण रुचीचे नाही, अर्थाचे आहे. हार्ड फोर्कमध्ये नियम सैल होतात : काल जो ब्लॉक बाद ठरला असता तो आज चालतो. जुने सॉफ्टवेअर त्याला नाकारते आणि मागे राहते. सॉफ्ट फोर्कमध्ये नियम आवळले जातात : काल चालणाऱ्यांपैकी काही आज चालत नाहीत, पण आज जे चालते ते सगळे जुन्या सॉफ्टवेअरलाही मान्य असते. म्हणजे ‘कठोर’ लिहिले तर वाचक नियम कडक झाले असे समजणार, आणि झालेले असते नेमके उलट. २४ ऑगस्ट २०१७ला लागू झालेला सेगविट हा सॉफ्ट फोर्क होता. त्याने व्यवहारांवरच्या डिजिटल सह्यांचा मजकूर वेगळा काढून त्याची मोजदाद वेगळी केली, त्यामुळे जागा वाढली आणि जुन्या संगणकांना ब्लॉक १ मेगाबाइटच्या आतलाच दिसत राहिला. मी हार्ड फोर्क, सॉफ्ट फोर्क हे शब्द तसेच ठेवतो, पुल्लिंगी चालवतो आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात ‘जुन्याशी न जुळणारा’ किंवा ‘जुन्याशी जुळणारा नियमबदल’ अशी ओळख देतो.

शिवाय हार्ड फोर्क म्हणजे फूट असेही नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये इथेरियमचा बायझँटियम हा हार्ड फोर्क झाला, जवळजवळ सगळे बरोबर गेले, दुसरी साखळी उभी राहिली नाही. उलट सॉफ्ट फोर्कनेही फूट पडू शकते. २०१७च्या उन्हाळ्यात बिटकॉइन वापरणाऱ्या काहींनी ठरवले की १ ऑगस्टपासून सेगविटला पाठिंबा न दाखवणारे ब्लॉक आपण नाकारायचे. हा नियम आवळणेच होते, पण बहुतेक मायनर आले नसते तर वही दुभंगली असती. तेव्हा हार्ड-सॉफ्ट हा नियमाचा गुण आहे, फूट ही माणसांची गोष्ट.

कन्सेन्सस. ‘एकमत’ नको, कारण तिथेही एका शब्दात दोन गोष्टी आहेत. संगणकांचा कन्सेन्सस म्हणजे मत नव्हे. प्रत्येकाने तेच नियम लावून तोच हिशेब काढला आणि आकडे जुळले, इतकेच. त्याला आपल्याकडे हिशेबातला शब्द तयार आहे : मेळ. ‘जाळ्यातल्या सगळ्या प्रतींचा मेळ बसतो’ हे वाक्य कुठल्याही जमाखर्च लिहिणाऱ्याला कळेल. माणसांचा कन्सेन्सस म्हणजे सहमती, आणि तिथे एकमत किंवा बहुमत म्हटले तर घोटाळा होतो. २०१७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये अनेक कंपन्या आणि मायनरांनी करार केला : आधी सेगविट, मग २ मेगाबाइटचा हार्ड फोर्क. मायनिंगच्या ताकदीत त्यांचे पारडे जड होते. तरी विकसक आणि वही तपासणारे वापरकर्ते यांच्यापैकी पुष्कळजण मानेनात. ८ नोव्हेंबर २०१७ला पुरस्कर्त्यांनी पुरेशी सहमती नाही असे सांगून तो हार्ड फोर्क मागे घेतला. बहुमत मोजून सहमती झाली नव्हती, हे त्यांनीच मान्य केले. अनुवादात ‘बहुमताअभावी’ लिहिलेत तर ही घटना कळणारच नाही.

जाता जाता, गव्हर्नन्सला ‘शासन’ लिहू नका, तिथे शासन करणारे कुणी नाही. ‘कारभार’ लिहा. कारभार कुणी बघायचा, हा प्रश्न सर्वांना समजतो.

अडलेले वाक्य मी असे लिहीन : ‘ब्लॉकच्या आकारावरून दोन-तीन वर्षे चाललेल्या वादानंतर १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनमध्ये फूट पडली. जुन्याशी न जुळणारा नियमबदल, म्हणजे हार्ड फोर्क, करून बिटकॉइन कॅश वेगळे झाले.’ सहकाऱ्याचा शब्द पहिल्या वाक्यात आला. तुमचा फाटा मार्च २०१३साठी राखून ठेवा.