धातूंचा द्रवणांक अधातूंपेक्षा जास्तच असतो का? शाळेत दाखवायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: पुस्तकात 'धातूंचा द्रवणांक जास्त, अधातूंचा कमी' असं लिहिलंय, मग पारा पातळ का आणि हिरा सहज वितळत का नाही? आणि सोलापुरात शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना काय दाखवता येईल?

तो नियम ढोबळ आहे, नुसता पाठ करून घेऊ नका. वितळताना काय सुटतं ते विचारा. गंधकात आठ-आठ अणूंची कडी असतात. वितळताना कडं तुटत नाही, कडी फक्त एकमेकांपासून सुटतात, म्हणून ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास काम भागतं. हिरा आणि ग्राफाइटही अधातूच, पण तिथे अणूअणूंमधले बंधच तोडावे लागतात. साध्या दाबाखाली ग्राफाइट वितळतच नाही, साडेतीन हजार अंशांपुढे थेट वाफ होते. धातूंत मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंना धरून ठेवतात. ही पकड टंगस्टनमध्ये जबर (३४२२), लोखंडात १५३८, कथलात २३२, सोडियममध्ये ९८ आणि पाऱ्यात इतकी सैल की उणे ३९ लाच सुटते. गॅलियम तर २९.८ ला वितळतं. सोलापूरच्या मे महिन्यात ते सावलीतही पातळच राहील.

दाखवायला गंधक आणि कथील घ्या. द्राक्षबागेत भुरीवर मारतात ते पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक चालणार नाही, त्यात इतर पदार्थ असतात. शुद्ध पूड परीक्षानळीत दोन सेंटीमीटर भरा. दुसऱ्या नळीत कथलाचा तुकडा टाका. दोन्ही नळ्या लिक्विड पॅराफिनच्या बीकरमध्ये धरा. पाणी शंभरलाच उकळतं, ते उपयोगाचं नाही. शाळेतला थर्मामीटर बहुधा ११० पर्यंतचाच असतो, तो इथे फुटेल. ३६० अंशांचा मागवा.

शंभरनंतर आच मंद करा, मिनिटाला दोन अंश पुरे. गंधक उष्णतेचं दुर्वाहक आहे. घाई केली तर कडेचं वितळतं, मधलं घट्ट राहतं आणि आकडा फसवा येतो. १३० ला गंधक पिवळं, पातळ दिसेल, कथील जसंच्या तसं. इथेच थांबा. १६० च्या पुढे कडी तुटून लांब साखळ्या होतात, गंधक तपकिरी आणि चिकट होतं. थेट ज्योतीवर ते पेटतं आणि घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा.

कथील नंतर लोखंडी पळीत बर्नरवर वितळवा. कथील म्हणून सोल्डरची तार मात्र घेऊ नका: नेहमीच्या तारेत शिसं असतं आणि ती १८३ लाच मऊ पडायला लागते.