प्रॅक्टिसला 1:09, मीटला 1:13

प्रश्न : ताई, माझी मुलगी 13 वर्षांची आहे, पाच वर्षं स्विमिंग करतेय. प्रॅक्टिसला 100 मीटर फ्रीस्टाइल 1:09 ला मारते पण मीटला, म्हणजे स्पर्धेला, 1:13 च्या खाली येतच नाही. आमच्याकडचा पूल 25 मीटरचा आहे, मीट बहुतेक बालेवाडीला असतात. रेसच्या आधी थांबवतात त्या कॉल रूममध्ये बसली की हात गार पडतात, पोट दुखतं आणि रेसमध्ये सारखी बाजूच्या लेनमध्ये बघते. आम्ही दोघं किती समजावतो, टेन्शन घेऊ नको म्हणून. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी हिशोब नीट करूया. 25 मीटरच्या पूलमध्ये शंभरला तीन टर्न मिळतात, बालेवाडीच्या 50 मीटरच्या पूलमध्ये एकच, आणि प्रत्येक टर्नला भिंतीवरून जोरात पुश मिळतो. म्हणजे त्या चार सेकंदांतले दोनेक सेकंद नुसत्या पूलचे आहेत, तिच्या मनाचे नाहीतच. हे तिला आजच सांगा, पोरगी उगीच स्वतःला भित्री समजत बसली असेल.

आता राहिलेले दोन सेकंद. "टेन्शन घेऊ नको" म्हणणं बंद करा. मी वीस वर्षं पूलच्या काठावर उभी आहे, या वाक्याने एकाही पोराचं टेन्शन गेलेलं बघितलं नाही, उलट त्यांना वाटतं आपल्यालाच येतंय म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे. हात गार पडतात कारण शरीर रेसची तयारी करतं आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, एवढंच. ते होणारच, होऊ दे.

खरी अडचण अशी की कॉल रूममध्ये अर्धा तास डोकं रिकामं असतं आणि रिकामं डोकं शेजारच्या पोरीची उंची बघतं, तिचा नवा सूट बघतं, तिचं टायमिंग विचारतं. डोक्याला काम द्यायला लागतं, आणि ते काम प्रॅक्टिसमध्येच शिकवायला लागतं, मीटच्या सकाळी शिकवून काही होत नाही.

मायकल फेल्प्सचं 2008 चं बीजिंग आठवतंय का, 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी शेवटी तर भिंतही दिसत नव्हती. तो स्ट्रोक मोजत गेला आणि 1:52.03 चं वर्ल्ड रेकॉर्ड करून भिंतीला हात लावला. लोक म्हणतात काय जिगर, पण मला त्यात रोजची मोजायची सवय दिसते, किती हातांनी भिंत येते हे त्याला आधीच माहीत होतं.

म्हणून मी माझ्या पोरांना रोज मोजायला लावते. एका मुलीची सवय तुमच्या लेकीसारखीच होती, श्वास घेताना मान जास्तच वळवून शेजारी बघायची, मान उचलली की कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि पुढचे दोन हात नुसते शरीर वर आणण्यात जातात. तिला बघू नको म्हणून सांगून काही झालं नाही. मग म्हटलं, लेंथ, म्हणजे पूलची एक फेरी या टोकापासून त्या टोकापर्यंत, संपली की मला फक्त स्ट्रोकचा आकडा सांग. पहिले आठ दिवस चुकायची, 22 म्हणायची, मी मोजलेले 24 असायचे. महिन्याभरात आकडे जुळायला लागले आणि मान आपोआप जागेवर आली, कारण मोजताना शेजारी बघायला डोकं मोकळंच नसतं!

दुसरं, कोचला विनंती करा की आठवड्यातून एकदा तिला वॉर्मअपनंतर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसवून ठेवा, टॉवेल गुंडाळून, कोणाशी न बोलता, आणि मग थेट ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावरून, एक शंभर घ्या. प्रॅक्टिसचं टायमिंग गरम अंगाने येतं, मीटला मात्र थंड अंगाने उतरायचं असतं, आणि त्याची प्रॅक्टिस बरेच क्लब घेतच नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं.

आणि फिनिश. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे, तहसीलदारकी सांभाळून 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये 50 फ्रीस्टाइलला उतरला, हीटमध्ये 22.43 चं नॅशनल रेकॉर्ड केलं, फायनलला 22.47 आला, ब्राँझ गेलं 22.46 ला. एक शतांश! एवढ्या मोठ्या स्विमरचं पदक नखभर अंतराने जाऊ शकतं, तर आपल्या पोरांनी शेवटच्या पाच मीटरला डोकं वर काढून भिंत शोधायची सवय आत्ताच सोडायला हवी, भिंतीच्या अलीकडे पूलवर टांगलेले झेंडे डोक्यावरून गेले की श्वास नाही, हात पूर्ण लांब, बास.

तुमच्यासाठी एकच. रेस झाल्यावर पहिला प्रश्न "किती टाइम आला?" हा नको, बोर्डवर तो तिने तुमच्या आधी वाचलेला असतो. आधी टॉवेल द्या, खायला द्या, मग विचारा दुसऱ्या लेंथला किती स्ट्रोक लागले. आणि हो, मीट नसतानाही पोट दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या.