गॅल्व्हेस्टनहून क्रूझ आहे, त्याच दिवशी सकाळच्या फ्लाइटने पोचलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले, कारण "त्याच दिवशी सकाळी पोचलं तर काय होतंय" हे वाक्य माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं आहे, शब्दन् शब्द. तुम्ही लिहिलंय की आई-वडील भारतातून आलेत, फेब्रुवारीत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून पाच रात्रींची क्रूझ बुक केलीय, मायामीपेक्षा छोटं पोर्ट म्हणजे कटकट कमी, म्हणून रविवारी सकाळी ह्यूस्टनला उतरून थेट बोटीवर जायचा विचार आहे, आणि सामान काय न्यावं. सरळ सांगते, नाही चालत. आदल्या दिवशी पोचा. म्हातारी माणसं बरोबर आहेत आणि महिना फेब्रुवारीचा आहे, तर यात विचार करण्यासारखं काही नाहीच.

छोटं पोर्ट म्हणजे सोपं पोर्ट हा समज आधी डोक्यातून काढा. गॅल्व्हेस्टनला बोटी छोट्या नाहीत, चार-पाच हजार माणसं मावतील अशा बोटी तिथून सुटतात. छोटं आहे ते गाव. पन्नासेक हजार वस्तीचं एक बेट, ह्यूस्टनकडून यायला आय-45 हायवेचा एकच मोठा पूल, लोकल ट्रेन नाही, बेटावर विमानतळ आहे पण तिथे एअरलाइनची विमानं उतरत नाहीत. मायामीला एअरपोर्टवरून टॅक्सी केली की अर्ध्या तासात टर्मिनल. इथे ह्यूस्टनच्या हॉबी एअरपोर्टवरून 40 मैल आणि तिथल्याच मोठ्या इंटरकॉन्टिनेंटल एअरपोर्टवरून 70 मैल, तेही ह्यूस्टन शहर मधून कापून. रविवारी दोन-तीन बोटी एकाच दिवशी असल्या की हार्बरसाइड रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. एक गोष्ट बिघडली की दुसरा रस्ता नाही, छोट्या पोर्टचा अर्थ हा आहे.

आणि दुसरं म्हणजे धुकं. डिसेंबर ते मार्च गल्फवरची, म्हणजे मेक्सिकोच्या आखातावरची, गरम दमट हवा किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यावर येते आणि असं दाट धुकं धरतं की समोरची गाडी दिसत नाही. मग बंदरातले पायलट, म्हणजे बोट आत आणणारे, काम थांबवतात, चॅनल, म्हणजे बोटींचा बंदरात यायचा मार्ग, बंद होतो, आणि तुमची बोट आदल्या ट्रिपची माणसं पोटात घेऊन बाहेर समुद्रात उभी राहते. धुकं उठलं तरी ती लगेच तुम्हाला घेणार नाही, आधी मालवाहू जहाजांच्या रांगेतून आत येणार, ती माणसं उतरणार, साफसफाई होणार, मग तुमचा नंबर.

आमचं काय झालं ते सांगते. मी डॅलसच्या बाजूला प्लेनोला राहते, दादा न्यू जर्सीत. आई-बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते आणि बाबांची पंचाहत्तरी म्हणून सगळ्यांनी मिळून क्रूझ करू असं ठरलं. मी म्हटलं, आम्ही शनिवारीच गाडीने निघतोय, तूही शनिवारी ये, रात्री सगळे एकत्र हॉटेलवर राहू. दादाचं म्हणणं, रविवारी सकाळी 10:40 ला इंटरकॉन्टिनेंटलला उतरतो, बोट 4 ला सुटते, हॉटेलचे सव्वादोनशे डॉलर कशाला घालवायचे. फोनवर बरंच वाजलं. शेवटी "तू फार घाबरट आहेस" असं म्हणून त्याने विषय संपवला. ते मला लागलं. आई-बाबांची औषधं, आईचे गुडघे, बाबांचं इन्सुलिन, रात्री किती वेळा उठतात, हे रोज मी बघत होते. जो रोज बघतो तो घाबरट नसतो, त्याला माहीत असतं.

शनिवारी आम्ही आरामात निघालो, वाटेत पेअरलँडला मीनाक्षी मंदिरात दर्शन घेतलं (तुम्हीही घ्या, ह्यूस्टन आणि गॅल्व्हेस्टनच्या मधेच पडतं, आणि आई-वडिलांना तिथे बसवून चहा पाजला की अर्धा शीण जातो), संध्याकाळी सीवॉलवर, म्हणजे समुद्राकाठच्या बांधावरच्या रस्त्यावर, हॉटेल. रविवारी सकाळी पडदा उघडला तर समोर समुद्रच नाही. रस्ता ओलांडून पलीकडे समुद्र आणि काहीही दिसत नाही, नुसता आवाज. साडेआठला मेसेज आला, बोट बाहेर उभी आहे, 3 च्या आधी टर्मिनलवर येऊ नका. मग तो 3 चा 5 झाला, 5 चा 7 झाला. एवढ्यासाठी चेक-इन करताना भारतातला नंबर देऊ नका, ज्याच्या हातात फोन असतो त्याचा इथला नंबर द्या. आमच्या शेजारी एक जोडपं होतं, त्यांना मेसेजच गेला नव्हता, टर्मिनलबाहेर दोन तास उभं राहून परत आले.

हॉटेलने पैसे घेऊन 1 पर्यंत खोली ठेवू दिली. नंतर आम्ही गाडीत सामान भरून सीवॉलवर बाकावर जाऊन बसलो. मी आदल्या दिवशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे तिखटामिठाचे पराठे करून आणले होते, घरचं शिजवलेलं बोटीवर नेऊ देत नाहीत म्हणून तिथेच संपवायचे होते. बाबांनी वेळेवर इन्सुलिन घेतलं, वेळेवर खाल्लं. आणि मग ते बोलायला लागले.

बाबा मालवणचे. लहानपणी मुंबईला काकांकडे जायचे ते कोकण बोटीने. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत होतं म्हणजे एवढंच, की बोटीने जायचे. त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. मालवणला बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग ट्रंका, फणस, कोंबड्या, म्हाताऱ्या बायका सगळ्यांना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, घालून बोटीपर्यंत न्यायचे, आणि पडाव लाटेवर वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी हाताला धरून वर खेचायचा. तो क्षण चुकला की परत पुढच्या लाटेची वाट. पावसाळ्यात बोट बंद. आजी प्रत्येक वेळी निघताना रामदास बोटीचं नाव काढून रडायची, 17 जुलै 1947 ला रेवसला जाणारी ती बोट बुडून 600 च्या वर माणसं गेली, बाबा तेव्हा जन्मलेही नव्हते पण ते भय घरात होतं. मी म्हटलं बाबा, इतका उशीर होतोय, कंटाळलात का? तर म्हणाले, "बोट उभी ऱ्हवली तर ऱ्हवांदे, खडकार जाण्यापेक्षा बरी." माझ्याशी कधी मालवणीत बोलत नाहीत ते. धुकं, खारा वारा, न दिसणारा समुद्र, त्यातून कुठली तरी बोट भोंगा देत होती, आणि बाबा सत्तर वर्षांपूर्वीच्या भाऊच्या धक्क्यावर उतरले होते. आई सुद्धा म्हणाली, हे मला पन्नास वर्षांत कधी नाही सांगितलंत.

दादा तिथे नव्हता. दादाचं विमान धुक्यामुळे न्यूअर्कलाच रोखून धरलं होतं. ते सव्वादोनला ह्यूस्टनला उतरलं, बॅगा, टॅक्सी, ट्रॅफिक, साडेचार वाजता हे चौघं टर्मिनलजवळ पोचले. मुलं रडवेली, वहिनीचं डोकं दुखतंय. आता हिशोब करा. बोट वेळेवर असती तर सुटायची वेळ 4, आणि चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. म्हणजे बोट गेलीच होती. बोटीलाही धुक्याने अडवलं म्हणून ती मिळाली. प्रत्यक्षात रात्री 10 ला आम्ही चढलो, मध्यरात्रीनंतर ती सुटली, आणि मेक्सिकोतल्या दोन बंदरांपैकी प्रोग्रेसो रद्द होऊन फक्त कोझुमेल झालं.

तेव्हापासून घरात विषय निघाला की दादाचं एकच, "शेवटी मिळाली ना बोट? उलट तुम्हीच दिवसभर ताटकळलात." दरवर्षी दिवाळीच्या फोनला हे होतं. त्यावर माझं म्हणणं असं की, दादा, तुमचं विमान धुक्याने नाही, मशीन बिघडून थांबलं असतं तर? तिकडे ऊन आणि बोट बरोबर 4 ला सुटली असती. मग म्हणे पुढच्या बंदरात विमानाने जाऊन पकडली असती. कशी पकडणार? दादा-वहिनी सिटिझन, पण मुलांचे पासपोर्ट संपलेले होते आणि त्यांनी बर्थ सर्टिफिकेट आणली होती. अमेरिकेतल्या एकाच बंदरात सुरू होऊन तिथेच संपणाऱ्या क्रूझला सिटिझन मुलांचं बर्थ सर्टिफिकेट चालतं हे खरं, पण त्यावर मेक्सिकोच्या विमानात कोणी बसवत नाही. म्हणजे चौघंही घरी परत. बाबांची पंचाहत्तरी चौघांशिवाय. हे सगळं सव्वादोनशे डॉलरसाठी. आणि खरं सांगू का, बोट चुकली असती यापेक्षा सीवॉलवरची दुपार त्याची आणि त्याच्या मुलांची चुकली याचं मला जास्त वाईट वाटतं. नंतर पुतण्याने बाबांना बोटीवर विचारलं, आजोबा पडाव म्हणजे काय, तर बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि संपलं. तशी दुपार मागून मिळत नाही.

असो, तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते. व्हिसाचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. आई-वडिलांचा बी-2, म्हणजे पर्यटक व्हिसा, चालू आणि मल्टिपल एंट्री असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असला की मेक्सिको आत घेतं. पासपोर्ट बरोबर, आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट बरोबर. तुम्ही स्वतः एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसा स्टँप संपलेला असेल तर मात्र नीट बघा: 30 दिवसांच्या आतली फक्त मेक्सिकोची ट्रिप असेल तर ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनमध्ये (संपलेला व्हिसा तेवढ्यापुरता चालू धरतात) परत येता येतं, पण सात रात्रींच्या क्रूझमध्ये होंडुरास, बेलीझ, जमैका असलं काही असेल तर एच-1बीला ते लागू नाही. पाच रात्रींच्या क्रूझला बहुतेक मेक्सिकोच असतं पण बुकिंगवर बंदरं वाचा. मी वकील नाही, शंका असेल तर कंपनीच्या अॅटर्नीला मेल टाका.

सामानाचं म्हणाल तर, मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारात हमालांकडे जातात आणि खोलीत संध्याकाळी येतात, कधी रात्री. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोडी कपडे, आईची शाल हे सगळं हातातल्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर खोलीतल्या छोट्या फ्रिजवर अवलंबून राहू नका, तो नुसता गार असतो, मेडिकल फ्रिज मागा आणि सुयांसाठी शार्प्स कंटेनर मागा, दोन्ही देतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. पॅकबंद फरसाण, चिवडा चालतो. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मागितली तर छोट्या टर्मिनलवर मोजक्याच असतात आणि आईला रांगेत तासभर उभं राहावं लागेल. शाकाहारी जेवण पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठून सांगा, दुसऱ्या दिवसापासून डाळ-भाजी मिळायला लागते, बऱ्याच बोटींवर भारतीय स्वयंपाकी असतातच. व्हिजिटर इन्शुरन्स बोटीवरच्या डॉक्टरला लागू आहे का ते आधी विचारा, बरेचदा नसतो.

गाडीने जाणार असाल तर पार्किंग आधी बुक करा, आणि आधी टर्मिनलला माणसं व बॅगा उतरवून मग एकट्याने गाडी लावायला जा.

एक मान्य करते, तुम्ही ह्यूस्टनमध्येच राहत असाल तर आदल्या रात्री हॉटेल लागत नाही, सकाळी निघा. आणि मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना धुक्याचा त्रास नाही, पण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा सीझन असतो, त्यामुळे आदल्या दिवशी पोचण्याचा नियम मी तेव्हाही पाळेन. पण तुम्ही विमानाने येताय, फेब्रुवारीत येताय, आणि बरोबर दोन म्हातारी माणसं आहेत.

यंदा डिसेंबरमध्ये आम्ही परत जातोय, तिथूनच. दादाच्या मुलांचे पासपोर्ट झालेत. आणि शनिवारची खोली मी माझ्या कार्डवर दादाच्या नावाने आत्ताच बुक करून ठेवलीय, सीवॉलच्या बाजूची, पहिल्या मजल्यावरची, बाबांच्या खोलीला लागून.