परदेशी सेवेला निघालेली मुलगी आणि वडिलांचा प्रश्न

"मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झाली आणि आता फुकट राबायला परदेशी जाते म्हणते, वर पैसे आम्हीच भरायचे. बाई, ह्याला नोकरी म्हणायचं की खूळ?" निपाणीजवळच्या एका तंबाखू उत्पादक शेतकऱ्याने हे विचारले, तेव्हा त्यांची तेवीस वर्षांची मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खानापूर, चिकोडीकडचे पालकही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात.

तिला एका परदेशी अनाथाश्रमात चार आठवडे 'सेवा' करायची होती. मला पैशांपेक्षा ती मुदत खटकली. माझ्या उमेदवारीच्या काळात एका बालगृहात ऊसतोड टोळीपासून चुकलेला सहा-सात वर्षांचा मुलगा होता. बोली मराठवाड्याची आणि भोवती सारे कन्नड बोलणारे. महिन्याभरासाठी येणाऱ्या प्रत्येक ताईच्या चपला तो लपवून ठेवी. आम्ही त्याला खोडकर ठरवले, रागावलोही. चौथ्या ताईच्या चपला पाण्याच्या टाकीमागे सापडल्या, तेव्हा कुठे मला उमगले की, चपला नसल्या तर माणूस जाणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. जीव लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे अशा मुलांचे नुकसानच होते; अनाथाश्रमांतील स्वयंसेवेचे हे धोके रोखण्याचे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही 2019च्या ठरावात केले आहे.

मुलीचा चेहरा उतरला; पण परदेशाचा विचार सोड, असे मी तिला सांगितले नाही. 1970 साली स्थापन झालेला आणि जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम शुल्क घेत नाही, उलट निर्वाह भत्ता व विमा देतो. मात्र त्याच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटासाठी वयाची 27 वर्षे आणि किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. तो अनुभव इथे, निराधार मुलांच्या कामातच मिळतो. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार निराधार सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत, अशा मुलांच्या काळजीचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि घाबरलेले मूल तिथे काय सांगते, हे समजून घेणारा माणूस लागतो. तुला मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारख्या येतात, सीमाभागात ही मोठीच पात्रता आहे, असे मी तिला म्हणाले. कंत्राटी काम, तुटपुंजा पगार आणि वर्षानुवर्षे न हलणारी प्रकरणे, हेही वडिलांसमोर लपवले नाही.

त्यांनी बोटांवर मोजले. "म्हणजे चार वर्षं. तोवर घरातनं जाऊन-येऊन करंल."

मुलगी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली होती. "मॅडम, त्या मुलाचे आईवडील सापडले का?"

सापडले, बीडकडचे होते. गावाचे नाव त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते; लिहून घेणाऱ्याला ते आडनाव वाटले होते.